दंडाची फैर आणि मानाची फैर

१

मराठी वृत्तपत्रांतून एक वाक्य वर्षानुवर्षे जवळजवळ अक्षरही न बदलता छापले जात आले आहे : बंदुकीच्या तीन फैरी हवेत झाडून मानवंदना देण्यात आली. सैनिक सीमेवर पडलेला असो, पोलीस शिपाई जंगलात मारला गेलेला असो, की एखादा लोकमान्य कलावंत वार्धक्याने निवर्तलेला असो, वाक्य तेच राहते. वाचकाच्या डोळ्यांखालून ते इतक्या सहजपणे निघून जाते की त्यातील विलक्षणपणा ध्यानात येत नाही. बंदूक हे मारण्याचे साधन होय. मेलेल्याचा सन्मान करण्यासाठी तेच साधन का उचलावे, आणि जे हात अपराध्याला गोळी घालण्यासाठी रांगेत उभे केले जातात, तेच हात मृताला वंदन करण्यासाठी का उभे करावेत, हा प्रश्न वरवर लष्करी शिष्टाचाराचा वाटला तरी वस्तुतः तो स्मृतीचा आणि म्हणून साहित्याचाही प्रश्न आहे.

भिलाई हे नाव आज पोलादाशी जोडले गेले आहे. सोव्हिएत रशियाच्या साह्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. परंतु त्याच नगरात छत्तीसगड सशस्त्र दलाची पहिली वाहिनीही आहे, आणि गेल्या काही दशकांत बस्तरच्या अरण्यात पडलेल्या जवानांच्या अंत्ययात्रा या प्रदेशाने पुष्कळ पाहिल्या आहेत. १९५९ मध्येच, २१ ऑक्टोबर रोजी, लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले, आणि तेव्हापासून तो दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ‘शोक शस्त्र’ हा हुकूम सुटतो, बंदुकांची तोंडे जमिनीकडे वळतात, माना खाली जातात आणि बिगुलाचे सूर घुमतात.

या भिलाईपासून तीसेक किलोमीटरवर रायपूर आहे. १८५७ मध्ये भिलाई हे रायपूर जिल्ह्यातील एक खेडे होते. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ साली झाला. रायपुरात १८५७ च्या डिसेंबरात आणि १८५८ च्या जानेवारीत, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांच्या अवधीत, सैन्याला रांगेत उभे करून दोनदा मृत्युदंड अमलात आणला गेला. शोकाची कवायत आणि दंडाची कवायत यांच्यामधले अंतर किती, हे तपासण्यास या परिसराइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

२

सलामीच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे : शस्त्र रिकामे करून दाखवणे. जुन्या काळी तोफ एकदा डागली की ती पुन्हा भरण्यास वेळ लागे. परक्या बंदरात शिरणारे जहाज आपल्या तोफा समुद्राकडे सोडून देई, याचा अर्थ एवढाच की आता आमच्यापाशी तुम्हांला मारण्यासारखे काही उरलेले नाही. आदर हा येथे मूलतः निःशस्त्रतेचा कबुलीजबाब आहे. अंत्यविधीच्या तीन फैरींविषयी युरोपात जी परंपरागत समजूत आहे, तीही याच जातीची आहे. रणांगणातील मृतांना उचलून नेण्यासाठी दोन्ही पक्ष लढाई थांबवीत, आणि आपले मृत उचलून झाले हे कळवण्यासाठी तीन बार काढीत. म्हणजे बाराचा आवाज मरणाचा नव्हता. मृतांची व्यवस्था लागली, एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढे साम्राज्यांनी या कल्पनेचे रूपांतर हिशेबात केले. इंग्रजी अमलात हिंदी संस्थानिकांचा मान तोफांच्या संख्येने मोजला जाऊ लागला. ग्वाल्हेर आणि बडोदे यांना २१, कोल्हापूरला १९, आणि त्याखाली उतरत उतरत ९ तोफांपर्यंतची ती शिडी होती. या शिडीवर पायरी मिळवण्यासाठी दरबारांनी किती अर्जविनंत्या केल्या आणि किती मानापमान गिळले, हा एक स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. ज्यांना एकाही तोफेचा मान नव्हता अशा जमीनदारांची आणि जहागीरदारांची संख्या अर्थातच फार मोठी होती. छत्तीसगडमधील सोनाखानचा जमीनदार नारायणसिंग हा त्यांपैकी एक. लोकस्मृतीने त्याला तोफ मिळवून दिली ती कशी, हे पुढे पाहावयाचे आहे.

मराठी भाषेने या दोन्ही रीती आपल्या पोटात घेतल्या आहेत. ‘तोफ’ तुर्कीतून आली, ‘सलामी’ अरबीतून आली, ‘पलटण’ आणि ‘फैर’ हे शब्द गोऱ्या कवायती फौजांबरोबर आले; ‘फैर’ म्हणजे इंग्रजी ‘फायर’च मराठी उच्चारात मुरलेला. ‘तोफांची सलामी’ हा मानाचा प्रयोग आणि ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा दंडाचा प्रयोग भाषेत शेजारी शेजारी नांदतात. दुसरा तर इतका घरगुती झाला आहे की स्वतः मागे राहून दुसऱ्याला संकटात पुढे करणाऱ्या माणसाविषयी बोलताना तो सहज तोंडी येतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात प्रत्यक्ष तोफ नसते. एकेकाळी मात्र ती तोफही होती आणि तिच्या तोंडाला बांधलेला माणूसही होता.

३

तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा इंग्रजांनी शोधून काढलेली नाही. मोगल अमदानीपासून ती या देशात होती. कंपनी सरकारने ती उचलली आणि तिला कवायतीची शिस्त दिली. १७६४ साली, बक्सारच्या लढाईपूर्वी, मेजर हेक्टर मन्रो याने आज्ञाभंग करणाऱ्या २४ शिपायांना ही शिक्षा फर्मावली. छपरा येथील त्या प्रसंगाच्या इंग्रजी वृत्तांतात एक गोष्ट नमूद आहे. तोफांना बांधले जात असताना दंडितांपैकी चार ग्रेनेडियर शिपाई पुढे आले आणि म्हणाले की, लढाईत उजव्या अंगाची मानाची जागा नेहमी आमची असते, तेव्हा मरतानाही उजवीकडच्या तोफा आम्हांलाच मिळाव्यात. त्यांची विनंती मान्य झाली.

ही हकीकत केवळ शौर्याची म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात याहून खोल असे काही आहे. ज्या क्षणी सत्ता त्या शिपायांकडून सर्व काही हिरावून घेत होती, त्याच क्षणी त्यांनी दंडाच्या विधीतून मानाचा विधी वेगळा काढून आपल्याकडे घेतला. तोफ तीच होती, दारू तीच होती. अर्थ मात्र त्यांनी बदलला. पुढल्या शतकात रायपूरच्या बाबतीत लोकस्मृतीने जे केले, त्याचे बीज येथे दिसते.

१८५७ मध्ये या शिक्षेचा वापर सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला. १० जून १८५७ रोजी पेशावर येथे ५५ व्या पलटणीतील ४० शिपायांना सर्व फौजेसमक्ष तोफांनी उडवण्यात आले. महाराष्ट्रही यातून सुटला नाही. साताऱ्यास रंगो बापूजी गुप्ते यांच्या कटाचा बोभाटा झाल्यावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांपैकी पाचांना फाशी, सहांना तोफेच्या तोंडी आणि सहांना बंदुकीच्या गोळ्या, अशी वाटणी होती. रंगो बापूजींचा पुत्र सीताराम हा त्या १७ जणांत होता. कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीने ३१ जुलैच्या रात्री उठाव केला, त्यानंतरच्या शिक्षांतही दोर, तोफ आणि बंदूक या तिन्हींचा उपयोग झाला. मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, आज जेथे आझाद मैदान आहे त्या एस्प्लनेडच्या पटांगणात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघा शिपायांना तोफांनी उडवण्यात आले. शहराचा पोलीस अधिकारी चार्ल्स फॉर्जेट याने कट हुडकून काढला होता आणि शिक्षा पाहण्यास देशी पलटणी उभ्या केलेल्या होत्या.

साताऱ्याची ती तीन प्रकारांची वाटणी क्षणभर थांबून पाहण्यासारखी आहे. एकाच कटासाठी, एकाच दिवशी, एकाच माळावर तीन वेगळी मरणे का? फाशी हे चोराचे आणि दरोडेखोराचे मरण मानले जाई. गोळी हे शिपायाचे मरण. तोफ हे बंडखोराचे मरण, आणि त्यात एक जादा क्रूरता होती. देहाच्या चिंधड्या झाल्यावर हिंदूला अग्नी कोणाला द्यावा आणि मुसलमानाने कबर कोणासाठी खणावी, हा प्रश्न उरे. शिक्षा देणाऱ्यांना हे ठाऊक होते आणि हेच त्यांना हवे होते. तोफ केवळ प्राण घेत नव्हती. ती अंत्यविधीही हिरावून घेत होती. मानवंदनेची फैर मृताला निरोप देते. तोफेचा दंड निरोपाची शक्यताच नष्ट करतो. शोकाची कवायत आणि दंडाची कवायत यांच्यातील खरा विरोध येथे आहे.

४

रायपूरकडे वळण्यापूर्वी तेथील पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. छत्तीसगड हा प्रदेश सुमारे शंभर वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपुरी राहून तेथे कारभार केला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. छत्तीसगड त्याबरोबरच कंपनीकडे गेला. राज्य गेले, दरबार गेला आणि दरबाराची सलामीही गेली. जमीनदारांपुढे आता रायपूरचा डेप्युटी कमिशनर उभा होता.

१८५६ मध्ये त्या भागात दुष्काळ पडला. सोनाखानच्या नारायणसिंगाने कसडोल येथील एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडले आणि धान्य उपाशी रयतेत वाटले. वाटलेल्या धान्याची वार्ता त्याने आपण होऊन सरकारला कळवली असे सांगतात. सरकारच्या लेखी मात्र ती लूट होती. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्याला पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकण्यात आले. ऑगस्ट १८५७ मध्ये तो तुरुंगातून निसटला, सोनाखानला पोहोचला आणि त्याने सुमारे ५०० माणसांची फौज उभी केली. कॅप्टन स्मिथ याने त्याच्यावर चाल केली. शेजारच्या देवरीच्या जमीनदाराने इंग्रजांस साह्य केले. डिसेंबरच्या प्रारंभी नारायणसिंग शरण आला आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात, छावणीतील फौज समोर उभी असताना, त्याला ठार करण्यात आले. त्या वेळचा डेप्युटी कमिशनर चार्ल्स इलियट होता.

फौज समोर उभी असताना, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. दंड नारायणसिंगाला होता. धडा फौजेला होता. मृत्युदंडाच्या कवायतीत दंडित हा एका अर्थी दुय्यम असतो. त्याच्यासाठी एक दोर किंवा एक गोळी पुरेशी असते. पलटणी चौकोनात उभ्या करायच्या त्या पाहणाऱ्यांसाठी. उद्या आपण उलटलो तर आपलेही हेच होणार, हे प्रत्येकाच्या मनावर ठसावे, यासाठी तो सर्व थाट.

धडा कितपत ठसला, हे ३९ दिवसांनी दिसले. १८ जानेवारी १८५८ च्या सायंकाळी रायपूर येथील तिसऱ्या पलटणीच्या दारूगोळ्याच्या कोठारावरील हनुमानसिंग याने सार्जंट मेजर सिडवेल याच्या घरात शिरून त्याला ठार केले. काही तास छावणीत उठाव धुमसत राहिला. तो दडपला गेला आणि १७ जण पकडले गेले. हनुमानसिंग मात्र हाती लागला नाही. पुढेही तो कधी लागला नाही. २२ जानेवारी १८५८ रोजी त्या १७ जणांना फौजेसमक्ष फाशी देण्यात आले. गाझी खान, अब्दुल हयात, अकबर हुसेन, शिवनारायण, ठाकुरसिंग, मातादीन, देवीदीन अशी नावे त्या यादीत शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यातील पुष्कळसे गोलंदाज होते. आयुष्यभर ज्यांनी तोफांना बत्ती दिली, आणि वेळ आली तर ज्यांना अपराध्याच्या देहामागील तोफेलाही बत्ती द्यावी लागली असती, त्यांच्या गळ्यात दोर पडला.

भीती दाखवण्यासाठी ज्यांना प्रेक्षक म्हणून उभे केले, त्यांच्यातूनच उठाव झाला, ही गोष्ट दंडाच्या कवायतीतील मूळ दोष उघड करते. ती पाहणाऱ्याला एकच अर्थ वाचण्याची आज्ञा करते. परंतु पाहणारा कोणता अर्थ वाचील, हे तिच्या हाती नसते. या बाबतीत मृत्युदंड आणि साहित्यकृती यांची स्थिती सारखीच म्हणावी लागेल.

५

आता गोळी घालणाऱ्याकडे पाहावयाचे. फाशीला जल्लाद लागतो. त्याचा धंदाच तो असतो, आणि समाज त्याला दूर ठेवून आपले हात स्वच्छ मानतो. गोळ्या घालणाऱ्या तुकडीला जल्लाद लागत नाही. काल ज्याच्याबरोबर एका रांगेत जेवण घेतले, त्याच्यावरच आज नेम धरावा लागतो. या ओझ्यापासून शिपायांचे मन वाचवण्यासाठी लष्करांनी एक युक्ती काढली. तुकडीतील एका बंदुकीत गोळीऐवजी बिनगोळीचे काडतूस भरायचे आणि ते कोणाच्या बंदुकीत आहे हे कोणाला कळू द्यायचे नाही. प्रत्येकाला आयुष्यभर म्हणता यावे की मारणारी गोळी माझी नव्हती. मुरलेल्या नेमबाजाला बंदुकीच्या धक्क्यावरून खरे काय ते कळते असे म्हणतात. तरीही प्रथा टिकली. अमेरिकेतील युटा राज्यात २०१० साली एका कैद्याला गोळ्या घातल्या, तेव्हाही पाच बंदुकांपैकी एका बंदुकीत असे काडतूस होते.

मानवंदनेच्या तुकडीत हे प्रमाण उलटे होते. तेथे प्रत्येक काडतूस बिनगोळीचे असते. दंडाच्या तुकडीतील एक रिकामे काडतूस जबाबदारी झाकण्यासाठी असते. मानाच्या तुकडीतील सर्व रिकामी काडतुसे आदर उघड करण्यासाठी असतात. मराठीत ‘फुसका बार’ हा उपहासाचा शब्द आहे. आवाज मोठा आणि आत काही नाही, असा त्याचा अर्थ. अंत्यविधीच्या फैरीत मात्र आत काही नसणे हेच सर्वस्व आहे. ज्या बाराने कोणालाही मारलेले नाही, तोच मृताला मान देऊ शकतो.

चित्रकारांनी या तुकडीकडे फार बारकाईने पाहिले आहे. गोयाने १८१४ साली रंगवलेल्या ‘३ मे १८०८’ या चित्रात माद्रिदमधील बंडखोरांना फ्रेंच सैनिक गोळ्या घालीत आहेत. मरणाऱ्यांचे चेहरे कंदिलाच्या उजेडात न्हाऊन निघाले आहेत. मारणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही, फक्त पाठी दिसतात. पाठींची ती सरळ रेषा हीच त्या चित्रातील सर्वांत भयंकर गोष्ट होय. मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याला १९ जून १८६७ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. त्यावरील मानेच्या चित्रात रांगेपासून किंचित बाजूला एक सैनिक आपली बंदूक शांतपणे तपासीत उभा आहे, जणू त्याच्यापुढे रोजचेच काम पडले आहे. आणि भिलाईच्या कारखान्यामागून ज्या देशाची भाषा छत्तीसगडच्या कानी पडली, त्या रशियाच्या वाङ्मयात तर एका महान लेखकाने तुकडीच्या पुढे स्वतः उभे राहून तिचा अनुभव घेतला. डिसेंबर १८४९ मध्ये पीटर्सबर्गच्या चौकात दस्तयेव्स्कीला आणि त्याच्या सहकाऱ्यांना गोळ्या घालण्यासाठी आणले गेले. पहिल्या तिघांना खांबांना बांधल्यावर शिक्षा बदलल्याचा हुकूम वाचण्यात आला. ‘इडियट’ या कादंबरीत वधस्तंभापुढल्या अखेरच्या मिनिटांविषयी जे बोलणे येते, त्यामागे हा अनुभव आहे.

हिंदी शिपायांच्या वाट्याला असा चित्रकार किंवा कादंबरीकार फार क्वचित आला. सिंगापुरात फेब्रुवारी १९१५ मध्ये पाचव्या लाइट इन्फन्ट्रीने उठाव केला आणि पुढे ४७ शिपायांना आउट्रम तुरुंगाच्या भिंतीबाहेर हजारो लोकांसमोर गोळ्या घालण्यात आल्या. त्या दृश्याची छायाचित्रे आहेत. त्यावर एखादी मोठी साहित्यकृती नाही. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा किंवा तत्सम आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना २००६ साली क्षमा मिळाली आणि त्यांचे स्मारकही उभे राहिले. दंडाची फैर नव्वद वर्षांनी का होईना मागे घेता येते, निदान शब्दांत. भारतात आजही १९५० च्या सेना कायद्याप्रमाणे लष्करी न्यायालयाला मृत्युदंड देताना फाशी किंवा गोळी यांपैकी एक रीत निवडण्याचा अधिकार आहे. अर्थात त्या तुकडीची जागा कायद्याच्या पुस्तकात अजून शाबूत आहे.

६

आता नारायणसिंगाच्या मरणाची रीत. सरकारी कागदपत्रांच्या आधारे लिहिणारे इतिहासकार त्याला फाशी दिले गेले असे सांगतात. छत्तीसगडच्या लोकस्मृतीत मात्र तो तोफेने उडवला गेला आहे. क्वचित दोन्ही गोष्टी एकत्र करून, आधी फाशी आणि मग देह तोफेच्या तोंडी, असेही सांगितले जाते. १९८७ साली भारतीय डाक खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले, त्यावरही तो तोफेपुढे बांधलेला दाखवला आहे. आज १० डिसेंबर हा त्याचा हौतात्म्यदिन म्हणून पाळला जातो, आणि नव्या रायपुरातील भव्य क्रिकेट मैदानाला त्याचे नाव आहे.

या विसंगतीचा निकाल लावण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. कागद खरा आणि लोक भाबडे, असे म्हणता येईल. किंवा कागद गोऱ्यांचा म्हणून खोटा आणि लोक खरे, असेही म्हणता येईल. दोन्ही मार्ग विचार टाळण्याचे आहेत. इतिहासकाराचे काम मरणाची रीत निश्चित करण्याचे आहे आणि ते त्याने लोकक्षोभाची पर्वा न करता केले पाहिजे. समीक्षकापुढील प्रश्न वेगळा आहे : लोकांना तोफच का हवी होती?

याचे उत्तर साताऱ्याच्या त्या तीन मरणांच्या वाटणीत आहे. दोर हा चोराचा. नारायणसिंगावरचा पहिला आरोप धान्य लुटल्याचा होता. त्याला दोर देणे म्हणजे तो आरोप शेवटपर्यंत खरा ठरवणे. तोफ ही शत्रूची. ज्याला सत्ता तोफेच्या तोंडी देते, त्याला ती न कळत आपल्या बरोबरीचा मानते, कारण सामान्य चोरासाठी कोणी तोफ ओढून आणीत नाही. लोकस्मृतीने नारायणसिंगाच्या गळ्यातून दोर काढला आणि त्याला तोफेपुढे उभे केले, तेव्हा तिने त्याच्या यातना वाढवल्या हे खरे. परंतु त्याचा दर्जाही वाढवला. ज्या जमीनदाराला जिवंतपणी एकाही तोफेच्या सलामीचा अधिकार नव्हता, त्याला मरणोत्तर एक तोफ मिळाली. छपऱ्याच्या चार ग्रेनेडियरांनी स्वतःसाठी जे मागून घेतले, ते रायपूरच्या लोकांनी दुसऱ्यासाठी मागून घेतले.

अशी कलात्मक चूक एकट्या लोकस्मृतीकडूनच होते असे नाही. जानेवारी १८७२ मध्ये पंजाबातील मालेरकोटला येथे ६५ च्या वर नामधारी शिखांना तोफांनी उडवण्यात आले. हुकूम देणाऱ्या कॉवन या अधिकाऱ्याला पुढे सरकारने बडतर्फ केले. रशियन चित्रकार वेरेश्चागिन याने १८८४ च्या सुमारास तोफेच्या तोंडी दिलेल्या हिंदी माणसांचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात गोरे सैनिक त्याच्या स्वतःच्या काळातील गणवेशात आहेत. चित्र १८५७ चे मानले तर गणवेश चुकलेले आहेत. इंग्रजांनी या चुकीवर बोट ठेवले. परंतु त्या गणवेशांमुळे प्रेक्षकाला कळत होते की ही प्राचीन गोष्ट नव्हे. जे हात हे करीत होते, ते आजही तेच आहेत. मूळ चित्र आज उपलब्ध नाही, त्याच्या प्रतिकृती मात्र जगभर फिरतात.

तथापि या समर्थनालाही मर्यादा घातली पाहिजे. नारायणसिंगाला तोफ मिळाली, म्हणून दोर लज्जास्पद ठरत नाही. ज्या १७ जणांना २२ जानेवारीला फाशी झाली, त्यांना स्मृतीने तोफ दिली नाही. त्यांची नावे स्मारकांवर कोरली गेली आहेत, परंतु एका नायकाच्या सावलीत. मानाला तोफच हवी, असा आग्रह धरला, तर ज्यांना दोर मिळाला त्यांचा मान कमी होतो. म्हणजे चोराचा दोर आणि बंडखोराची तोफ ही गोऱ्यांनी केलेली प्रतवारी आपणच पक्की करतो. लोकस्मृतीने एका माणसाला उचलण्यासाठी दंड देणाऱ्याचीच मापे वापरली, ही तिची कमजोरी होय, आणि ती दाखवणे हे समीक्षेचे कर्तव्य होय.

७

मराठीत १८५७ च्या प्रत्यक्ष अनुभवाचा सर्वांत मोलाचा ग्रंथ ‘माझा प्रवास’ हा एका भिक्षुकाने लिहिला. विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी तो १८८३–८४ च्या सुमारास लिहिला आणि चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. झाशी पडल्यानंतर गोऱ्या सैन्याने केलेल्या कत्तलीस गोडसे भटजी ‘बिजन’ म्हणतात. त्यांच्या पुस्तकाचे बळ यात आहे की ते लष्करी माणसाच्या नव्हे, तर अंत्यविधी जाणणाऱ्या माणसाच्या नजरेने मरण पाहतात. कोण कसा मारला गेला यापेक्षा त्याच्या देहाचे पुढे काय झाले, अग्नी मिळाला की नाही, ही चिंता अशा नजरेला स्वाभाविक असते. तोफेने जे हिरावून घेतले त्याची खरी किंमत भिक्षुकालाच कळते.

येथे मानवंदनेच्या फैरीचा अर्थ उलगडतो. राज्यसंस्था जेव्हा एखाद्याच्या चितेपाशी बंदुका आणते, तेव्हा ती नकळत एक जुने देणे फेडीत असते. गांधीजींची अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९४८ रोजी लष्करी वाहनावरून निघाली, तेव्हा अहिंसेच्या उपासकाला शस्त्रांनी मान द्यावा ही विसंगती अनेकांना खटकली. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी शिवाजी पार्कवर लता मंगेशकरांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला, तेव्हा ती तितकीशी खटकली नाही. दरम्यानच्या काळात फैर हा लष्करी विधी न राहता सार्वजनिक शोकाचा विधी झाला होता. परंतु तो शोक सच्चा राहावयाचा असेल, तर त्याला आपल्या जुळ्या भावंडाची आठवण असावी लागते. जी रांग मान देण्यासाठी उभी राहते, तीच रांग एके काळी दंड देण्यासाठी उभी राहिली आहे, आणि उद्याही राहू शकते.

भिलाईच्या कवायतीच्या मैदानावर ‘शोक शस्त्र’चा हुकूम सुटतो, तेव्हा रांगेतील तरुण शिपायाला रायपूरचा १८५७ चा डिसेंबर आठवत नसेल, आठवावा अशी अपेक्षाही नाही. त्याच्यापुढे त्याचा कालचा सोबती आहे आणि त्याचे दुःख त्याला पुरेसे आहे. मात्र त्या मैदानाबाहेर जे उभे असतात, जे वृत्तांत लिहितात, चरित्रे रचतात आणि स्मारकांवरील मजकूर ठरवतात, त्यांना विस्मरणाची मुभा नाही. त्या आवाजात कोणाकोणाचा निरोप राहून गेला आहे, याची यादी त्यांच्यापाशी असली पाहिजे. नारायणसिंग त्या यादीत आहे, गेंडामाळावरील १७ जण आहेत, आणि ज्या १७ जणांच्या देहामागे कोणी एकही बार काढला नाही, ते रायपूरचे गोलंदाज आणि शिपाई तर सर्वांच्या आधी आहेत.